टाकीजवळचा पहारा

माझे सासरे, आमचे मामा, गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. उभा जन्म लोकांच्या कॅनमध्ये लॅक्टोमीटर बुडवून पाणी शोधण्यात गेला. सख्ख्या भावाचं दूधही ते डोळे बारीक करून बघायचे. खुर्चीत बसून बसून पोट चांगलंच सुटलं होतं आणि वय सत्तरीला टेकलं होतं.

दुष्काळात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. अंगणातली सिमेंटची टाकी भरली, की मामा तिला पाठ टेकून बसायचे. दुपारचीच काय, रात्रीची झोपही तिथंच, बसल्या बसल्या. विचारलं, तर म्हणायचे, "पाणी राखाया नको व्हय?"

कुणापासून राखायचं? घरात आम्ही तिघंच, मामा, नवरा आणि मी. शेजारणीला मी एकदा कळशीभर पाणी दिलेलं त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे हा पहारा माझ्यावरच! तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं पाणी काढून झालं, की मी टाकीत वाकून पातळीला कोळशाची रेघ मारायला लागले. मुद्दाम त्यांच्या देखत. चोर ठरवायचंच असेल, तर पुराव्यानिशी ठरवा म्हटलं.

पुढच्या साली पाऊस झाला, नळाला पाणी आलं. टाकी काठोकाठ भरली, तरी मामा जागचे हलेनात. मग मला वेगळाच संशय आला. एका दुपारी मी आत गादी घातली आणि म्हटलं, "मामा, आता काय राखताय? आडवे व्हा जरा." नाही-होय करत ते आडवे झाले आणि दोन मिनिटांत धडपडत उठून बसले. तोंड उघडं, खांदे वरखाली होतायत. मी जाम घाबरले.

पाटोद्याच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं. ते ठीक निघालं. छातीखाली श्वासाचा पडदा असतो, तोही एक स्नायूच, असं त्यांनी समजावलं. वयानं त्याचं बळ कमी झालेलं, त्यात पोटाचं ओझं. माणूस आडवा झाला, की पोट वर सरकतं आणि पडद्याला खाली यायला वाव राहत नाही. वजन उतरवा, रोज चाला, श्वासाचा व्यायाम करा, म्हणाले.

परतताना मी विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

"दुष्काळापासून."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"राखण करतो म्हनलं, की मान ऱ्हातो, पोरी."

मला रडूच आलं. एवढे दिवस मी या माणसावर दात धरून होते.

घरी आल्यावर त्यांना तांब्याभर पाणी दिलं. अर्धं पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि टाकीचं झाकण उचलून ते आत डोकावले.

"काय बघताय?"

"रेघ. मी किती पितो, ते तू बघायचीस न्हवं? म्हनून तवापासून अर्ध्या तांब्यावरच भागवतोय."

मी तो तांब्या काठोकाठ भरला आणि ते पिऊन होईस्तोवर त्यांच्याजवळ बसून राहिले.