पंचफुलाबाईच्या हातचा उपास

पंचफुलाबाई स्वतः एकही उपास करत नसे. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच घरातले उपासतापास संपले. पण अख्ख्या पांढरकवड्यात दुसऱ्याचा उपास सांभाळावा तो तिनंच. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत जिनिंगपुढच्या कापसाच्या बैलबंड्या कमी झाल्या, तिच्या आलूबोंड्यांना गिऱ्हाईक उरेना, म्हणून तिनं सोमवारी साबुदाण्याची उसळ सुरू केली. वेगळी कढई, वेगळा झारा, आणि त्या दिवशी कांद्याला दुकानात मज्जाव. कचेरीतल्या बाया डोळे मिटून खात. तो भरवसा हीच तिची दुकानदारी.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी साबुदाण्यानं घात केला. माल नवा निघाला. रात्री भिजवलेल्या दाण्यांची सकाळी पातेल्यात पोस्टरं चिकटवायची खळ तयार. समोर वर्गीस नावाच्या केरळी ड्रायव्हरचा ट्रक दोन दिवसांपासून बिघडून उभा होता. त्यानं घरून आणलेले मनगटाएवढे जाड कंद तिच्यापुढे ओतले. साल काढा, उघड्या पातेल्यात भरपूर शिजवा, पाणी फेकून द्या, असं हातवाऱ्यांनी शिकवलं. अर्ध्या कंदांना तिनं जिरं, मिरची, दाण्याचं कूट लावलं. अर्धे गुळाखोबऱ्यात परतले.

"रताळ्याचा भाऊ समजा," तिनं बायांना सांगितलं.

तहसीलीतल्या कुंदाताई, म्हणजे उपासाला काय चालतं यातलं हायकोर्ट, दोन घास खाऊन मान डोलावतात न डोलावतात तोच वर्गीस आला. आपला कंद खपतोय हे पाहून त्याचा चेहरा फुलला.

"अच्छा है ना? हमारे घर में मछली के साथ खाता है."

सगळे चमचे थांबले.

"पंचफुला, हे मासोळीसोबतचं आहे?"

"ताई, मासोळी तिकडे केरळात हाय. माह्या कढईले तिचा वासबी नाही."

"पण सोबतीचं ते सोबतीचंच."

"जिरंबी लोक मटनात टाकतेत, ताई."

"जिऱ्याचं वेगळं."

पंचफुलाबाईनं झारा कढईवर आडवा ठेवला. एकीनं प्लेट सरकवली, की उद्या गावभर होणार, बाईनं आमचा उपास मोडला. ती वर्गीसकडे वळली. "आता तूच सांग बाप्पा, हे हाय तरी काय?"

वर्गीस गोंधळला. "साबुदाना. मैं ही तो सेलम से नागपुर लाता. यही पीसता, इसका दाना बनाता."

कुंदाताईंनी चमच्यातली फोड निरखून पाहिली. एकतीस वर्षांचे सोमवार त्यांच्या डोळ्यांपुढून सरकले असावेत. हा कंद नाकारावा, तर ते सगळे बुडाले.

"मग हा तर अगदी मुळाचा," त्यांनी निकाल दिला. "दाण्यापेक्षा शुद्धच म्हणायचा. गोड उरलाय का?"

चमचे पुन्हा वाजू लागले. पंचफुलाबाई सकाळपासून पहिल्यांदा स्टुलावर टेकली. पदरानं तोंड पुसत वर्गीसला हळूच म्हणाली, "तू उद्या ये. मासोळीसंग कसा लागते, ते मंगळवारी पाहू."