वर्तुळं आधी की बादली आधी

मरुदाचलम अण्णांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं ट्रेसिंग केलं आणि त्यातली निम्मी तरी दातओठ खात काढली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

कोयंबतूरात पीळमेडूला आमची पंपांची कंपनी. ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर, बरोबर फाउंड्रीच्या डोक्यावर. खालून काळी धूळ यायची म्हणून खिडक्या बंद हव्यात, आणि प्रिंट काढायच्या मशीनच्या अमोनियाने डोळे झोंबायचे म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. अण्णा बंद करायचे, मी उघडायची.

"धूळ बसली की रेघ फुटते, अम्मिणी."

"आणि वास बसला की माझं डोकं फुटतं, अण्णा."

आमच्या कोयंबतूरकडे लेकीबाळींना लाडाने अम्मिणी म्हणतात. अण्णा ते फक्त वैतागल्यावर म्हणायचे, म्हणजे दिवसातून दहा वेळा.

सकाळी आल्या आल्या ते सेटस्क्वेअर तपासायचे. टी आकाराच्या लांब पट्टीला, टी-स्क्वेअरला, टेकवून एक उभी रेघ, मग सेटस्क्वेअर पालथा करून त्याच ठिकाणी दुसरी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या की काटकोन खरा. वीस वर्षांत तो सेटस्क्वेअर केसभरही बिघडला नव्हता, पण तपासणी चुकली नाही. पेन्सिली दोन. रेघेच्या पेन्सिलीचं टोक पटाशीसारखं चपटं, आकडे लिहायच्या पेन्सिलीचं सुईसारखं. दोन्ही पॉलिश पेपरवर घासून करायच्या, आणि घासलेली पूड स्वतःच्या रुमालात टिपायची. आयुधपूजेला आम्ही सगळे टी-स्क्वेअरला गंध लावायचो. अण्णा त्याच्या डोक्याच्या जाड लाकडालाच लावायचे आणि पट्टीला बोट लावाल तर खबरदार म्हणून बजावायचे, कारण गंध वाळलं की पट्टीची कड खरखरीत होते. देवसुद्धा यांच्या मापात बसायला हवा.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला धडा दिला. ते पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे, मी त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईने गिरवायची. एका भोकाचं माप त्यांनी अठरा लिहिलं होतं. त्यात बसणारा बोल्ट सोळाचा आणि बाकी सगळीकडे भोक सतराचं, म्हणून मी सतरा केलं. त्यांनी सगळ्यांसमोर मला बोलावलं आणि ब्लेडने माझी शाई खरवडून काढली.

"ट्रेसरने माशीला माशी मारायची. खाली जे आहे तेच वर. विचार करायला वरचे लोक आहेत."

दोन दिवसांनी त्यांनी पेन्सिलीचा अठरा खोडून गुपचूप सतरा केला आणि कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि सतरा गिरवला. त्या दिवसापासून चूक दिसली तरी मी मूग गिळून बसायला शिकले.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, नावांची चौकट असते. त्यात काढणाऱ्याचं, गिरवणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं आणि मंजूर करणाऱ्याचं असे चार रकाने. अण्णांची आद्याक्षरं सव्वीस वर्षं 'तपासले'पर्यंतच. ते आयटीआय झालेले, आणि 'मंजूर'ला डिग्री लागायची. डिग्रीवाले यायचे, अण्णांकडून काम शिकायचे आणि वर्षभरात अण्णांच्याच कागदावर 'मंजूर' म्हणून सही ठोकायचे. पण आमचे मुख्य ड्राफ्ट्समन चित्तिरैत, म्हणजे एप्रिलात, निवृत्त व्हायचे होते, आणि वरून शब्द मिळाला होता की अण्णांचं शेवटचं दीड वर्ष ती खुर्ची आणि 'मंजूर'ची सही त्यांना. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. मी मात्र त्यांच्या बोर्डाच्या कडेला कच्च्या कागदाचा तुकडा पाहिला. त्यावर आद्याक्षरांऐवजी पूर्ण सही होती, आठ-दहा वेळा गिरवलेली.

तेवढ्यात माशी शिंकली आणि चेन्नईहून नवा मॅनेजर आला. सुंदरवदनन नाव, वय तीस. आल्या आठवड्यात त्याने फर्मान काढलं की आता सगळी ड्रॉइंगं फर्स्ट अँगलने काढायची.

आमच्याकडे तोवर थर्ड अँगल. त्यात वस्तूची डावी बाजू कागदावर डावीकडे काढतात. फर्स्ट अँगलमध्ये तीच डावी बाजू उजवीकडे जाते. दोन्ही बरोबर, फक्त वाचणाऱ्याला कुठली पद्धत आहे ते कळायला हवं. नाहीतर उजव्या हाताचा पंप डावखुरा होऊन बाहेर पडतो.

अण्णांनी कुरकुर केली, पण काम शिकले. पन्नाशी उलटलेला माणूस मान वाकडी करून प्रत्येक बाजू मनात उलटी फिरवायचा. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल दिसायचे. त्यांचं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर होतं.

"सार, कपाटात चार हजार जुनी ट्रेसिंगं आहेत थर्ड अँगलची. त्यात आता ही नवी घुसणार. प्रत्येकावर खूण हवी."

खूण म्हणजे चौकटीतलं छोटं चित्र. एक आडवी बादली आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. बादली आधी, म्हणजे डावीकडे, तर फर्स्ट अँगल, वर्तुळं आधी तर थर्ड.

"मरुदाचलम, चार हजार? लोकांना कळतं हो."

"कुणाला कळतं, सार?"

"अनुभवी लोकांना."

"अनुभवी लोकांनाच कळणार नाही. नवा माणूस विचारेल तरी."

मॅनेजरने घड्याळ बघितलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या मोजायला कुठे वेळ असतो! शेवटी अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच जुन्या ट्रेसिंगांवर खुणा काढायला घेतल्या. आमटी-भाताचा डबा बाजूला थंड होतोय आणि हे छोट्या कंपासने वर्तुळं काढताहेत. रोज पंचवीस-तीस. मला इतका राग यायचा की मी पाठ करून जेवायची. मदत करू का, हेही विचारलं नाही.

खाली फाउंड्रीत लाकडाचे साचे करणारा सुतार होता, अय्यावु. त्याला अण्णा स्वतः जाऊन सांगून आले.

"आता फक्त खूण बघायची. कागद कुणाचा, कधीचा, काही बघायचं नाही."

"तुमचा असला तरी?"

"माझा असला तरी."

अय्यावु हसला. "बघा हां अण्णा, मग मी वर विचारायला येणार नाही. माझे गुडघे वाचतील."

मासीत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, नव्या पंपाचं काम आलं. केसिंगचं, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचं, ड्रॉइंग अण्णांनी स्वतः काढलं, फर्स्ट अँगलने, आणि स्वतःच तपासलं. माझ्याकडे ते ट्रेसिंगला आलं. रेघा नेहमीसारख्या देखण्या, सगळ्या बाजू नव्या पद्धतीने बरोबर बसवलेल्या. गिरवत गिरवत मी कोपऱ्यात आले. चौकटीतल्या खुणेत वर्तुळं आधी होती, म्हणजे थर्ड अँगलची खूण.

महिनाभर जेवणाच्या सुट्टीत शेकडो वेळा काढलेली खूण. हाताने आपली सवयीने काढून टाकली होती.

मी पेन वर धरून थांबले. अण्णा दोन बोर्ड पलीकडे पाठमोरे होते. हाक मारली असती तर त्यांनी खिडकीपासून सुरुवात करून माझी आजवरची सगळी वर्षं काढली असती. विचार करायला वरचे लोक आहेत ना? मग करू देत. मी माशीला माशी मारली.

अय्यावुने खूण बघितली आणि वर विचारायला आला नाही. साठ केसिंगं ओतून झाली. पंप जुळवायला घेतले तेव्हा कळलं की पाण्याचं तोंड भलत्याच बाजूला आहे. साठच्या साठ फोडून पुन्हा भट्टीत घालायची पाळी आली.

सुंदरवदननने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ट्रेसिंग टेबलावर पसरलेलं होतं.

"पेन्सिलीचा मूळ कागद कुठे आहे?"

"ट्रेसिंग झालं की तो टाकून देतात, सार," अण्णा म्हणाले.

"म्हणजे कँटीनमध्ये वड्याखाली गेला असेल." मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. त्याच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता. "मग प्रश्न मिटला. मूळ कागद बरोबर, गिरवताना उलटं झालं. या कनकवल्लीला पंधरा दिवस घरी बसवतो आणि एक ताकीदपत्र देतो. मरुदाचलम, तुमचं 'मंजूर'चं पत्र टाईप होऊन तयार आहे. त्यावर डाग कशाला?"

माझ्यासमोर बोलला. मी टेबल-खुर्ची असल्यासारखा. माझे कान तापले, पण तोंड उघडेना, कारण उघडलं असतं तर खरंही बाहेर पडलं असतं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते त्या ट्रेसिंगकडे बघत होते. मी मनात म्हटलं, घ्या, घेऊन टाका ती सही, सव्वीस वर्षं वाट बघितलीत, मी पंधरा दिवस घरी बसेन.

"सार, खूण मी उलटी काढली. पेन्सिलीतच. हिने आहे तसं गिरवलं."

"अहो, पण त्याला पुरावा काय? कागदच नाहीये."

"कागद नाही. मी आहे ना."

"मरुदाचलम, नीट विचार करा."

"केला, सार. तपासले म्हणून खाली माझीच अक्षरं आहेत."

ते पत्र खणात गेलं ते गेलंच. चित्तिरैत खुर्चीवर पंचविशीतला डिग्रीवाला आला. अण्णांच्या 'तपासले'वर आणखी एकाने तपासायचं असा वेगळा हुकूम निघाला. साठ केसिंगांसाठी मला कुणी काही बोललं नाही.

पण हे सगळं नंतर. त्या दिवशी केबिनमधून आम्ही बाहेर आलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. अण्णांनी डबा उघडला, पण हात घातला नाही. आज जुनी ट्रेसिंगंही काढली नाहीत.

"तुला उगाच ऐकून घ्यावं लागलं, अम्मिणी," ते म्हणाले. पहिल्यांदाच वैतागाशिवाय म्हणाले.

ते मला सहन झालं नाही. "अण्णा, मला दिसलं होतं."

"काय?"

"खूण. शाई भरताना दिसली होती. वर्तुळं आधी होती."

"आणि?"

"आणि काय? गिरवली! तुम्हीच शिकवलंत ना? खाली जे आहे तेच वर!"

आवाज चढला तशी आजूबाजूची चार डोकी वळली. मला वाटलं, आता उठतील, ब्लेड घेतील, सगळ्यांसमोर मला सोलून काढतील. मला तेच हवं होतं.

"हाक मारायचीस," ते हळू म्हणाले.

"मारली असती तर काय केलं असतंत?"

दुसरा कुणी असता तर 'ऐकलं असतं' म्हणून मोकळा झाला असता. अण्णांनी खरंच विचार केला. एखादं माप पुन्हा पुन्हा ताडून बघावं तसा वेळ घेतला.

"ओरडलो असतो," ते म्हणाले. "मग दोन दिवसांनी तुझ्या नकळत खोडून नीट केली असती."

"दोन दिवसांनी चाललं असतं, अण्णा. साचा आठवड्याने सुरू झाला."

त्यांनी मान हलवली आणि न जेवताच डब्याला झाकण लावलं. ओरडले नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं. तेवढा एक दिवस ते ओरडले नाहीत, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.