मोटारखोलीतला राउटर

उमेळ्याच्या आमच्या वाडीत दोन घरं होती. एक मोठ्या दिरांचं, एक आमचं. मधे विहीर आणि विहिरीला लागून पाण्याच्या पंपाची छोटी खोली, जिला सगळे मोटारखोली म्हणत. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली होती, पण विहीर एकच. सासऱ्यांच्या मते त्यानंतर वाडीत जे जे आलं, तेही एकच असायला हवं होतं. म्हणून इंटरनेटही एकच आलं. केबलवाल्याने माडांवरून वायर ओढत आणली आणि थोरल्यांचा मान म्हणून दिरांच्या कम्प्युटरला जोडून तो निघून गेला.

गंमत अशी की त्या वायरीची खरी गरज मला होती. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवत, ते ऐकून टाइप करायचं आणि तिकडचे दवाखाने उघडायच्या आत, म्हणजे आपल्या संध्याकाळी, फाइल पाठवायची, असं माझं काम होतं. लग्नानंतर सुटलेल्या नोकरीच्या जागी हे घरबसल्या मिळालं होतं आणि मला ते मनापासून आवडायचं. फाइलला उशीर झाला तर काम बंद, हे ऑफिसने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी रोज फाइल सीडीवर घेऊन दिरांच्या दारात उभी. "भाऊजी, पाचच मिनिटं." भाऊजी शेअरचे भाव बघत बसलेले, नाहीतर त्यांची मुलं गेम खेळत असायची.

शेवटी मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, आम्ही आमचं वेगळं कनेक्शन घेतो."

"चुली वेगळ्या केल्यात, आता वायरीपन वेगळ्या? मी हाय तोवर नाय."

मग एकच वायर दोन घरांत वाटायची, असं ठरलं. नवरा, भाऊजी आणि मी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. मी राउटर मागितला. भाऊजींची नजर शेजारच्या हबवर गेली. "याला आठ भोकं आहेत, त्याला चारच. उद्या पोरांचे संसार झाले की?" पोरं तेव्हा तिसरी-चौथीत होती. मी घसा फोडून सांगितलं की केबलवाला एका वेळी एकाच कम्प्युटरला नेट देतो, हब काही ते दोघांना वाटत नाही, त्याला राउटरच लागतो. नवरा म्हणाला, "दादा म्हणतोय तर घेऊन बघू." त्या 'घेऊन बघू'चा मला आजही संताप येतो.

हब आणला. मी कम्प्युटर लावला की भाऊजींचं नेट बंद, त्यांनी लावला की माझं. ते अंगणातून ओरडायचे, मी खिडकीतून. जाऊबाई दोघांच्या मधे उभं राहून हसायच्या. दिवाळीपर्यंत हे सहन केल्यावर एकदाचा राउटर आला आणि मी सुटले, असं मला वाटलं.

कसली सुटतेय! राउटर ठेवायचा कुणाच्या घरात, यावर बैठक बसली. आमच्याकडे ठेवला तर धाकट्यांनी ताबा घेतला असं होणार. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्याकडे ठेवा, माझं काही म्हणणं नाही." तर भाऊजी दुखावले. "म्हणजे उद्या तुझं नेट गेलं की मीच बंद केलं म्हणशील." सासऱ्यांनी तोडगा काढला. जे सगळ्यांचं, ते विहिरीपाशी. राउटर मोटारखोलीत, पंपाच्या स्विचच्या वरच्या फळीवर बसला. दोन्ही घरांना सारख्याच लांबीची वायर कापली. आमचं घर जवळ, म्हणून आमची उरलेली वायर वेटोळं करून खिळ्याला टांगली. न्याय झाला. सगळे खूश होऊन चहा प्यायले.

संध्याकाळी सासरे केळींना पाणी सोडायला मोटार लावायचे. मोटार सुरू झाली की दिवे मंद व्हायचे आणि राउटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. नेमकी तीच माझी फाइल पाठवायची वेळ. अर्धी गेलेली फाइल तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. मी हात जोडून म्हटलं, "बाबा, मोटार थोडी उशिरा लावाल?" दोन दिवस त्यांनी उशिरा लावली. तिसऱ्या दिवशी विसरले. मग मी राउटर हलवूया म्हटलं, तर पुन्हा बैठक, पुन्हा तेच दुखावणं. नवऱ्याला विचारलं, तू काही बोलणार आहेस का? तो म्हणाला, "त्यात काय, परत पाठव ना फाइल." माझ्या कामाची वेळ ही वेळच नव्हती यांच्या लेखी. केळींना वेळ होती, मला नव्हती.

फाइल उशिरा जात राहिल्या. ऑफिसने दोनदा समज दिली आणि नंतर एका सकाळी कळवलं की यापुढे तुम्हाला काम देता येणार नाही. मी घरात ते सांगितलं तेव्हा सगळ्यांना खरोखर वाईट वाटलं. जाऊबाईंनी तर पाठीवरून हात फिरवला.

त्या रविवारी भाऊजी स्वतः मोटारखोलीत गेले, राउटर काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि आमच्या टीव्हीच्या कपाटावर आणून ठेवला.

"राहू दे आता तुमच्याकडेच," ते म्हणाले. "आता तुला नेटचं काही काम नाही, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा नाही."

सासऱ्यांनी मान डोलावली. नवऱ्यानेही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं.