चमचा आलाय!

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईने वाळूत उलथी पडलेली चप्पल दुर्मीळ पक्षी म्हणून दाखवावी, याला काय म्हणावं? पक्षी बघायला जमणाऱ्या मंडळींनी त्या दिवसापासून काकूंना अगदी सळो की पळो करून सोडलं. त्यात आघाडीवर त्यांची सख्खी नणंद. "वहिनी, आज कितव्या नंबरची चप्पल दिसली?" असं ती भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारायची. काकू हसण्यावारी न्यायच्या आणि घरी जाऊन धुसफुसायच्या. त्यांनी काही दाखवलं की मंडळी आधी एकमेकांकडे बघत, मग दुर्बीण उचलत. ते बघणं काकूंना फार लागायचं. एकदा तरी आपल्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या सकाळी ओहोटी लागली होती. पक्षी ओळखायला शिकवणारे सर मंडळींना घेऊन पुढे गेले; काकू गुडघ्याचं निमित्त काढून मागे रेंगाळल्या. ओल्या चिखलात बारक्या पक्ष्यांची झुंबड होती. सगळे भराभर चोची मारत होते. एकच पठ्ठ्या मान खाली घालून, चोच डावीउजवीकडे फिरवत, फरशी पुसल्यासारखा चालला होता. काकूंनी दुर्बीण लावली. बाजूने चोच साधीच. मग त्याने तोंड समोर केलं आणि काकूंनी दुर्बीण डोळ्यांवर आणखी घट्ट दाबली. चोचीचं टोक पसरट, गोल. चक्क चमचा! असला पक्षी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

ओरडावं तर तो उडणार. म्हणून त्यांनी नणंदेला फोन लावला आणि कुजबुजल्या, "वन्सं, चमचा आलाय! लवकर या."

"अगं बाई! मी इथे नाहीच म्हणून सांगा!" फोन बंद.

काकू चक्रावल्या. लांबवर बघतात तर नणंदबाई टोपी नाकापर्यंत ओढून होडीआड दडलेल्या. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ऑफिसात आजारी म्हणून कळवून बाईसाहेब पक्षी बघायला आल्या होत्या, आणि तिथल्या साहेबांच्या पुढेपुढे करणाऱ्या एका गृहस्थाला त्या घरीदारी 'चमचा'च म्हणायच्या!

काकूंनी पुन्हा फोन लावला. "अहो, तो नव्हे! पक्षी! चोचीला चमचा आहे त्याच्या! सगळ्यांना घेऊन या, हळू."

मंडळी वाकत वाकत आली. पक्षी नेमका बाजूने उभा.

"साधाच तर आहे," नणंद म्हणाली. "वहिनी, त्यापेक्षा चप्पल परवडली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकूंचे कान तापले. एरवी त्यांनी माघार घेतली असती, पण आज त्या हटायला तयार नव्हत्या. "कुणी हलायचं नाही," त्या म्हणाल्या. "तोंड वळवू दे त्याला."

तो काही वळेना. सरांनी दुर्बीण खाली घेतली. तेवढ्यात एक लाट पुढे सरकली, पक्षी चार पावलं पळाला आणि थेट त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला.

सर मटकन वाळूत बसले. "हा मी फक्त चित्रात पाहिलाय हो," ते म्हणाले. नणंदेने काकूंना अशी मिठी मारली की दोघींच्या दुर्बिणी एकमेकींवर आपटल्या. "वहिनी, जिंकलंत!" काकूंना हसू आणि रडू एकदमच आलं. आनंद पोटात मावेना.

परतताना दूर खडकापाशी काहीतरी पांढरं हललं. सगळे थबकले.

"काकू, काय आहे हो ते?" सरांनी विचारलं.

काकूंनी नीट बघून घेतलं. "काही नाही. पिशवी आहे."

"बरं," सर म्हणाले, आणि सगळे पुढे चालू लागले.