काडी धरणारा

भूत, नजर, उतारा यातलं मला काहीच पटत नाही. अंबडला एका कंपनीत वेल्डिंगचे रोबोट सांभाळतो. मशीन अडकलं तर त्यामागे कारण असतंच, आणि ते शोधायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय…

गेल्या वर्षी वडिलांना, म्हणजे आबांना, बायपास सांगितली. छाती न उघडता, बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून, रोबोटने. आबांचा सगळा जन्म पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांची कलमं बांधण्यात गेला. गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी समजावलं, की छातीतली एक रक्तवाहिनी सोडवून हृदयावर जोडायची. आबा म्हणाले, "म्हंजी कलमच की. पण तुम्ही कुठं बसणार?"

"थोडा लांब, कन्सोलवर. तिथून रोबोटचे हात मीच चालवतो."

"मग काडी कोण धरणार?"

त्यांच्या कलम बांधणाऱ्या टोळीची रीतच होती — एकाने पट्टी बांधायची, दुसऱ्याने काडी चिमटीत धरून ठेवायची. गाठ बसेपर्यंत हलायचं नाही. धरणारा भरवशाचा नसेल तर आबा कलमाला हात लावायचे नाहीत. डॉक्टर हसले. आबा नाही हसले. दोन दिवस सही करेनात. ड्युटी, मग हॉस्पिटल, मग तोच वाद… मी पार विटलो होतो. शेवटी म्हणालो, "मी धरतो, आबा. करा सही." त्यांनी लगेच केली.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर खुर्चीत बसलो होतो. साडेअकराला बायकोने चहा पुढे केला, आणि मला कप घेता येईना. उजव्या हाताची चिमूट घट्ट मिटलेली. तिने बोटं ओढून पाहिली. "अहो, सैल सोडा ना." सोडत होतो, सुटत नव्हती. आत आबा, बाहेर ही तऱ्हा… खरं सांगतो, घाबरलो. मग आपोआप सुटली. बाराला दहा कमी होते.

संध्याकाळी डॉक्टरांना सहज विचारलं, जोडणी कधी झाली? म्हणाले, साडेअकराच्या सुमारास सुरू केली, वीसेक मिनिटं लागली.

आबांना यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आयसीयूत भेटलो. श्वासाच्या नळीमुळे त्यांचा घसा बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "बोटं लय दुखली का रे?"

ताण, क्रॅम्प, सगळं वाचून झालंय. कारण सापडलेलं नाही, आणि आता शोधायचं त्राणही उरलेलं नाही. आबा ठणठणीत आहेत. मला टोचतं ते वेगळंच. "मी धरतो" हे मी फक्त वाद मिटावा म्हणून म्हणालो होतो… आणि आबा तेवढ्याच भरवशावर आत गेले होते.