हाताला गुण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सांगायचं तर आधी स्वतःचं कौतुक सांगावं लागतं. मग तेच आधी सांगते.

येडशीत आमच्या गल्लीत माझ्यासारख्या कोंबड्या कुणाच्या नाहीत. हे मी फुशारकीनं म्हणते, आणि का म्हणू नये? रामलिंगचं रान जवळ. रानमांजर येतं, मुंगूस तर दिवसाढवळ्या. मी खुराडं खांबांवर उचलून बांधलं, भोवतालची जाळी जमिनीत खोल पुरली. घार फिरायला लागली की पिल्लं डालग्याखाली. बायका आपली खुडूक कोंबडी आणि अंडी घेऊन माझ्याकडं यायच्या — "शमा, तुझ्या हातानं बसव. तुझ्या हाताला गुण हाय." मी बिस्मिल्ला म्हणून एकेक अंडं ठेवायची. पिल्लं निघायचीही. मग त्यांचं तरी काय चुकलं?

पण मानमोडीच्या रोगाला जाळी अडवत नाही. कोंबडी मान वाकडी करून गरगर फिरते आणि संपते. गल्लीत कुणाचं ना कुणाचं खुराडं रिकामं व्हायचं, माझं कधीच नाही. त्यालाही बायका गुणच म्हणायच्या. मी हसायची. नुसतं हसणं म्हणजे खोटं बोलणं का?

खरं असं, की मी लस आणायची. धाराशिवहून, थर्मासमध्ये बर्फ घालून. सकाळी प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब. बाटली शंभर कोंबड्यांची — एकदा कालवली की लगेच संपवावी लागते, ठेवता येत नाही. माझ्या कोंबड्या पंचवीसही नसतील. उरलेली अख्ख्या गल्लीला पुरली असती. मी ती चुलीच्या राखेत ओतायची. शेजारच्या जनाकाकूंना भिंतीवरून एक हाक मारली असती तरी पुरे होतं. नाही मारली. सगळ्यांच्याच कोंबड्या जगल्या, तर माझ्या हाताला काय उरलं?

मग एका उन्हाळ्यात काकूंच्या गेल्या. एकटी बाई, दिवसभर कोंबड्यांशीच बोलायची. एक तांबडी तेवढी उरली. ती पदरात धरून माझ्या दारात आल्या आणि रडल्या. "ही तरी तुझ्याकडं जगंल बघ. माझा हातच वाईट हाय."

मी — काय केलं असेल? कोंबडी घेतली. काकूंचा हात वाईट नाही, एवढंही म्हणाले नाही. तांबडीला कितीतरी दिवस वेगळी झाकून ठेवली, चमच्यानं पाणी पाजलं. ती जगली.

काकूंनी पुन्हा कोंबडी पाळली नाही. रोज सकाळी मूठभर ज्वारी घेऊन येतात आणि जाळीबाहेरूनच टाकतात. तांबडी जवळ आली तरी तिला शिवत नाहीत, आपला हात लागू नये म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र कौतुकानं सांगतात, शमानं जगवली. ते ऐकलं की आजही माझी मान ताठ होते.