बापटांच्या गाडीचा कॅमशाफ्ट

चालत्या गाडीचे किस्से फारसे होत नाहीत. बंद पडलेल्या गाडीचे मात्र विचारू नका. डॉ. बापटांची दांडग्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार मार्कहॅममधल्या त्यांच्या गॅरेजमध्ये वर्षभर उघडी पडली होती आणि आम्ही दर शनिवारी तिच्याभोवती जमत होतो. आम्ही म्हणजे बापट, सॉफ्टवेअरवाला शिरीष आणि मी. बापट निवृत्त डेंटिस्ट, मी निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर. गाड्यांमधलं खरं ज्ञान कोणालाच नाही.

*

इंजिन टकटक करायचं. वरचा भाग उतरवला, पण आत नीट दिसेना. बापट घरात गेले आणि तोंडात घालायचा तो छोटा आरसा घेऊन आले. दहा मिनिटं वाकून पाहत होते.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. त्यातला एक पार झिजला होता.

बापटांनी आरसा पुसला आणि पेशंटला सांगतात तशा हळू आवाजात म्हणाले, "वाचवण्यातला नाही. काढावा लागेल."

*

नवा कुठला घ्यायचा? शिरीषने अठ्ठावीस कॅमशाफ्टची स्प्रेडशीट केली. प्रत्येकाला मार्क, रंग, वेटेज. पाऊण तास प्रेझेंटेशन दिलं.

बापटांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आवाज कुठल्या कॉलममध्ये आहे?"

आवाज कुठल्याच कॉलममध्ये नव्हता. शिरीष म्हणाला, "काका, पुढच्या शनिवारी ॲड करतो."

*

मोठा कॅम, म्हणजे जास्त उंच उंचवट्यांचा कॅमशाफ्ट, घातला की गाडी उभ्या उभ्या गडगडते, झोकांड्या खाते. बापटांना तेच हवं होतं. त्यांनी दोन आवाजांच्या क्लिप्स दूर बर्नाबीला राहणाऱ्या मुलीला पाठवल्या. एक गडगडणारी, एक साधी.

तिचा लगेच मेसेज आला, "डॅड, द फर्स्ट वन नीड्स अ डॉक्टर."

"मग मी कोण आहे?" बापट म्हणाले.

*

एक गोष्ट सांगायची राहिली. आदल्या हिवाळ्यात बापटांना स्ट्रोक येऊन गेला होता. लायसन्स नुकतंच परत मिळालं होतं, पण उजव्या पायात अजून पूर्वीचा जोर नव्हता.

पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर ग्लेन नावाचा म्हातारा होता. त्याने इंजिनबद्दल काही विचारलंच नाही. "गाडी घेऊन जाणार कुठे?" एवढंच म्हणाला.

"ग्रोसरीला," बापट म्हणाले. "आणि गणपतीला देवळात."

ग्लेन हसला. "इथे सगळे रेसिंग म्हणतात. खरं बोलणारा तू पहिलाच."

मग त्याने समजावलं. मोठ्या कॅममुळे इंजिनचा व्हॅक्यूम कमी होतो आणि पॉवर ब्रेक त्या व्हॅक्यूमवरच चालतात. ब्रेकचं पेडल घट्ट होतं, पाय जोरात दाबावा लागतो.

बापट कॅटलॉगची पानं पुढे-मागे उलटत राहिले. शेवटी त्यांनी सौम्य कॅमवर बोट ठेवलं.

परतताना हायवेवर म्हणाले, "त्या गडगडाटासाठी मी पस्तीस वर्षं थांबलो होतो रे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पण मला चालवायचीय."

*

नवा कॅम बसवला की पहिल्यांदा इंजिन वीस मिनिटं सलग वेगात पळवावं लागतं, नाहीतर तो तिथेच खराब होतो. मध्ये बंद करायचं नाही. आम्ही शनिवारी दुपारी सुरू केलं. पूर्ण गल्ली दणाणली.

तिसऱ्या मिनिटाला समोरच्या घरातले गुरप्रीतजी तरातरा आले. शिरीषने त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि ओरडून सांगितलं, "अंकल, तेल लीक होतंय का बघा, प्लीज." ते खाली वाकले.

वीस मिनिटांनी इंजिन बंद केलं. कुठे टकटक नाही, तेलाचा थेंब नाही. बापट स्टुलावर बसून डोळे पुसत होते.

गुरप्रीतजी उठले, गुडघे झटकले. "भाईसाब, बस? इतना ही?"

*

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी पहिली मोठी चक्कर झाली. बापट ड्रायव्हिंगला, शेजारी त्यांच्या पत्नी नलिनीताई, मागे शिरीष आणि मी. कॉफी शॉपपर्यंत बापटांनी सुरेख चालवली. पार्किंगमध्ये उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि बायकोपुढे किल्ली धरली.

"आता तू."

"अहो, मी? इतक्या वर्षांत तुम्ही मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत."

"म्हणूनच."

नलिनीताईंनी पर्स माझ्याकडे दिली, सीट पुढे ओढली, आरसे नीट केले. शिरीष आणि मी कॉफी आणायला आत गेलो. चार कप घेऊन बाहेर आलो, तर पार्किंग रिकामं.

अर्धा तास वाट पाहिली. मग पर्स घेऊन बसने घरी आलो.

दुपारी अडीचला फोन वाजला. बापट होते. मागून वाऱ्याचा आवाज येत होता.

"अरे, अडीचशे किलोमीटर झाले, आम्ही किंग्स्टनला पोचलोय. नलिनी विचारतेय, मॉन्ट्रियल इथून किती लांब?"